खेळाचा हिजाब: सांगली-मिरजेत काय मिळतं आणि काय शिवून घ्यावं

ओढणी आणि पिना घेऊन मैदानात उतरू नये, हे सगळ्यात आधी. टाचणी असो, सेफ्टी पिन असो की चुंबकाचं बटण असो, पकड झाली की ते कुणाच्या तरी तळव्यात किंवा घालणारीच्याच गळ्यात रुततं. नियम जाणणारा पंच ते सामन्याआधीच काढायला लावतो. पिना निघाल्या की ओढणी टिकत नाही, मग मुलगी अर्धा सामना डोक्यावरचं सावरण्यात घालवते आणि प्रशिक्षक म्हणतो, 'हिचं खेळात लक्ष नाही.' लक्ष असतं. कपडा चुकलेला असतो. खेळाचा हिजाब वेगळा असतो: डोक्यावरून ओढून घालायचा, एकसंध, चारही बाजूंनी ताणणाऱ्या कापडाचा, कुठेही पिन, बटण, नाडी किंवा गाठ नसलेला. या कामासाठी बाजारात जे काही विकलं जातं आणि जे इथेच शिवून घेता येतं, त्याचं हे परीक्षण आहे. शाळांचे क्रीडाशिक्षक, मुलींच्या आया आणि संघाचे कपडे शिवणारे कारागीर या तिघांनाही उपयोगी पडावं म्हणून तपशील जरा जास्त दिला आहे.

एक गोष्ट स्पष्ट असू द्या. डोकं झाकायचं की नाही, हा त्या मुलीचा प्रश्न आहे. सानिया मिर्झा आणि निखत झरीन उघड्या डोक्यानं खेळून जगात पोचल्या. इब्तिहाज मोहम्मदनं २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तलवारबाजीत अमेरिकेसाठी हिजाबमध्ये सांघिक कांस्य जिंकलं. जिला झाकून खेळायचं आहे, तिला कपड्यामुळे घरी बसावं लागू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

दुकानातला 'इन्स्टंट हिजाब'

सांगलीच्या कापड पेठेत किंवा मिरजेच्या लक्ष्मी मार्केटच्या बाजूला बुरखा-स्कार्फच्या दुकानात 'खेळायला पाहिजे' म्हणून मागितलं की बहुतेक ठिकाणी इन्स्टंट हिजाब पुढे येतो. घालायला सोपा, पिन लागत नाही, किंमतही परवडणारी. पण कापड बहुधा व्हिस्कोस जर्सी किंवा सुती होजिअरीचं. ही दोन्ही कापडं घाम शोषतात आणि धरून ठेवतात. पंधरा-वीस मिनिटं धावलं की कपडा ओला होऊन जड होतो, हनुवटीखाली लोंबतो आणि कपाळावरची कड खाली भुवयांवर सरकते. शिवाय पुढचा घेर छातीवर मोकळा राहतो. कबड्डीत तो हातात येतो, खो-खोत खांबाला वळसा घालताना तोंडावर येतो. शाळेच्या पीटीच्या तासाला चालेल, स्पर्धेला नको.

क्रेप, जॉर्जेट, शिफॉनचे तयार हिजाब तर बघूच नयेत. ते ताणत नाहीत आणि केसांवर घसरतात.

ऑनलाइन मिळणारा स्वस्त 'स्पोर्ट्स हिजाब'

यात कापड अनेकदा बरं निघतं: पॉलिस्टर आणि स्पॅन्डेक्सचं मिश्रण, हलकं, पटकन वाळणारं. गडबड शिलाईत असते. ताणणाऱ्या कापडावर साध्या मशीनची सरळ शिलाई मारली की कपडा ताणतो, दोरा ताणत नाही. डोक्यातून ओढून घालताना 'कट्' असा आवाज येतो, तो टाका तुटल्याचा. हनुवटीखालची शिलाई सगळ्यात आधी जाते, कारण घालताना सगळा ताण तिथेच पडतो. पार्सल आलं की पहिल्यांदा आतली बाजू उलटून बघा. शिलाईच्या कडेला तीन किंवा चार दोऱ्यांची ओव्हरलॉक, म्हणजे कापडाची कड गुंफून घेणारी आणि कापडाबरोबर ताणणारी शिलाई, असेल तर ठेवा. एकच सरळ रेघ असेल तर परत पाठवा.

दुसरी अडचण मापाची. 'फ्री साइज' लिहिलेला हिजाब साधारण बाईमाणसाच्या डोक्याला बेतलेला असतो. सहावी-सातवीतल्या मुलीला तो कानाशी आणि गालाशी ढिला बसतो, आणि ढिला हिजाब मान वळवली की वळत नाही, डोळ्यावर येतो. शाळकरी मुलींसाठी ऑनलाइन फ्री साइज घेऊच नये, असं आमचं ठाम मत आहे.

मोठ्या कंपन्यांचा

हिजाब खेळासाठी वेगळा बनवायचा, ही कल्पना मोठ्या कंपन्यांची नव्हे. नेदरलँड्सच्या सिंडी व्हॅन डेन ब्रेमेन या डिझायनरनं शाळेतल्या व्यायामाच्या तासासाठी अशा टोप्या फार आधी तयार केल्या होत्या. नायकेनं आपला 'प्रो हिजाब' २०१७ च्या मार्चमध्ये जाहीर केला आणि वर्षअखेरीस बाजारात आणला. अमिरातीची वेटलिफ्टर आमना अल हद्दाद आणि फिगर स्केटर झाहरा लारी यांच्याकडून त्याची चाचणी झाली होती. सुरुवातीची किंमत ३५ डॉलर. फ्रान्सच्या डेकॅथलॉननं २०१९ च्या फेब्रुवारीत धावपटूंसाठी साधा हिजाब तिथे विकायचं ठरवलं, पण राजकीय गदारोळ उठला आणि तिथली विक्री मागे घ्यावी लागली.

या वर्गातल्या मालाची रचना नीट बघण्यासारखी आहे, कारण शिवून घेताना तीच उतरवायची असते. कापड एकपदरी आणि बारीक छिद्रांच्या जाळीचं. मागचा भाग लांब ठेवलेला, म्हणजे तो जर्सीत खोचता येतो आणि उचकटत नाही. चेहऱ्याभोवतीची कड मऊ, कपाळाला वळ न उठवणारी. हा माल उत्तम आहे, यात वाद नाही. पण आयात किमतीत शाळेच्या संघातल्या चार मुलींना प्रत्येकी दोन घ्यायचे म्हटलं तर संघाच्या बुटांचा खर्च त्यात जातो. राज्य पातळीवर खेळणाऱ्या मुलीला कुणी भेट देणार असेल तर जरूर घ्यावा. बाकीच्यांनी पुढचा भाग वाचावा.

इथेच शिवलेला: आमची पसंती

सांगली, मिरज, कुपवाड आणि साताऱ्यातही ट्रॅक पँट, जर्सी, पोहण्याचे आणि योगाचे कपडे शिवणारे कारागीर आहेत. ज्याच्याकडे ओव्हरलॉक आणि फ्लॅटलॉक (सपाट, ताणणारी शिवण घालणारं) मशीन आहे, त्याच्याकडेच जा. ब्लाउज-ड्रेस शिवणारा टेलर कितीही कुशल असला तरी हे काम त्याच्या साध्या मशीनवर नीट होत नाही. झिगझॅग टाका असेल तर एखादा नमुना निघेल, संघासाठी नको.

कापड मागताना 'फोर वे लायक्रा' म्हणून मागा (लायक्रा म्हणजे वर सांगितलेला स्पॅन्डेक्सच). आडवं आणि उभं, दोन्हीकडे ताणून बघा. सोडलं की लगेच मूळ जागी आलं पाहिजे. जर्सीवाले आपल्याकडचं डॉट निट किंवा मायक्रो पॉली दाखवतात, 'याच कापडाचा करून देतो, रंग जुळेल' म्हणतात. हे कापड जर्सीला छान, पण त्यात लायक्रा नसतो. ते डोक्याला धरून बसत नाही. आणि फार जाड लायक्राही नको: सायकलच्या चड्डीला वापरतात ते २२० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) वरचं कापड मे महिन्यात डोक्यावर सहन होत नाही. १५० ते १८० जीएसएमच्या आसपासचं घ्या. काळं कापड प्रकाशासमोर ताणून धरा. ताणल्यावर आरपार दिसत असेल तर केसही दिसतील, आणि मुलगी तो पुन्हा घालणार नाही.

मापं चार घ्यायची. पहिलं चेहऱ्याचं: हनुवटीच्या खालून, कानाच्या पुढून, कपाळावर केसांच्या रेषेवरून फिरवून परत हनुवटीखाली. दुसरं डोक्याचा घेर, भुवयांच्या वरून. तिसरं टाळूपासून मागे खांद्याच्या फऱ्यांच्या मधोमध. चौथं हनुवटीपासून गळ्याच्या खळगीखाली चार बोटं. केस बांधलेले असताना मापं घ्या. मोकळ्या केसांवर घेतलेलं माप अंबाड्यावर बसत नाही.

चेहऱ्याची उघडी कड मापापेक्षा साधारण एक दशांश कमी ठेवायची. चेहऱ्याचं माप ५८ सेंटिमीटर आलं तर तयार कड ५२ च्या आसपास. याहून घट्ट केली की तासाभरात डोकं दुखतं आणि कपाळावर लाल वळ उठतो. ढिली ठेवली की गालाशी फट पडते. मानेच्या भागाची मात्र उलटी काळजी. हिजाब डोक्यातून घालायचा असल्यामुळे मानेजवळचा घेर डोक्याच्या घेरापेक्षा आठ-नऊ सेंटिमीटरहून जास्त कमी करू नये. डोकं ५५ असेल तर मानेशी ४६-४७. कारागीर 'फिटिंग छान दिसेल' म्हणून ३८ वर आणतो आणि मग घालताना शिलाया फाटतात, किंवा ओढला गेला तर गळा आवळतो. इथे फिटिंगचा मोह त्यानं टाळलाच पाहिजे.

कापताना जास्त ताणणारी बाजू डोक्याभोवती आडवी यायला हवी. दोन बाजूंचे दोन तुकडे आणि मधून एक शिवण, असा सोपा नमुना धावपटूंना आणि खो-खोला पुरतो. क्रिकेटच्या किंवा सायकलच्या हेल्मेटखाली घालायचा असेल तर मधली शिवण टाळूवर रुतते. तेव्हा कपाळापासून मानेपर्यंत दहा सेंटिमीटर रुंदीची एक मधली पट्टी आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन तुकडे, असा तीन तुकड्यांचा नमुना करायचा. शिवणी टाळूच्या दोन्ही बाजूंना जातात. साठ इंची पन्ह्याच्या साठ सेंटिमीटर कापडात शाळकरी मुलीचे दोन बसतात, मधल्या पट्टीचा नमुना असेल तर थोडं जास्त लागतं.

चेहऱ्याच्या कडेला साधं इलॅस्टिक ओवून गोळा करू नका, चुण्या पडतात आणि चुण्यांत घाम साचून पुरळ येतं. घडीचं मऊ इलॅस्टिक पायपिंगसारखं लावायचं किंवा त्याच कापडाची दुमडलेली पट्टी फ्लॅटलॉकनं बसवायची. सुई ताणणाऱ्या कापडाची, गोल टोकाची. अणकुचीदार सुईनं लायक्राचे धागे तुटतात आणि महिन्याभरात शिवणीच्या कडेनं बारीक भोकांची ओळ दिसायला लागते. दोरा पॉलिस्टरचा. लेबल शिवू नका, मानेला घासतं. नाव लिहायचं तर आतून कापडावरच छापून घ्या.

कानाचा विचार बहुतेक कारागीर करत नाहीत, आणि खेळात तो फार महत्त्वाचा. खो-खोत चौकात बसलेल्या मुलीला मागून आलेला 'खो' ऐकायचा असतो. तिच्या पाठीला हात लागतो हे खरं, पण आवाजानं तिचं शरीर आधीच तयार झालेलं असतं. कानावर दोन पदर आले, त्यात ओल्या कापडाची भर पडली की ती अर्धा क्षण उशिरा उठते. तेवढ्यात समोरची खांबापाशी पोचते. म्हणून कानावर एकच पदर, आणि जमल्यास तिथे हाताच्या पंजाएवढा जाळीचा तुकडा. आतून टोपी घालणार असाल तर तिची कड कानाच्या मागून गेली पाहिजे.

ही आतली पातळ टोपी, म्हणजे अंडरकॅप, कबड्डीसाठी आम्ही आवश्यक मानतो. पकडीत हिजाब निघाला तरी केस झाकलेले राहतात, मुलगी गोंधळत नाही आणि खेळ चालू राहतो. ती सुती नको, त्याच पातळ लायक्राची हवी.

हातात आला की काय तपासायचं

घालून दोन बोटांनी मागून जोरात ओढा. हिजाब डोक्यावरून निघून हातात आला पाहिजे. गळ्याशी अडकला तर तो परत करा, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. मग मुलीला तोंड पूर्ण उघडून 'कबड्डी कबड्डी' एका दमात म्हणायला लावा. हनुवटीखालचं कापड आखूड असेल तर प्रत्येक 'डी'ला ते कपाळावरची कड खाली ओढतं, आणि दम पंचापर्यंत स्पष्ट पोचत नाही. मान दोन्हीकडे पूर्ण वळवायला लावा, डोळ्याच्या कोपऱ्यात कापड दिसता कामा नये. शेवटी खाली वाकून बुटाची लेस बांधायला सांगा आणि मागचा भाग जर्सीतून बाहेर येतो का बघा. येत असेल तर मागे निदान वीस सेंटिमीटर लांबी वाढवून घ्या.

नियम काय सांगतात

हा भाग पाठ असावा, कारण मैदानावर वाद होतो तो बहुतेक वेळा नियम माहीत नसल्यामुळे.

फुटबॉलमध्ये २००७ साली हिजाबवर बंदी आली. २०११ मध्ये इराणच्या महिला संघाला जॉर्डनमधल्या ऑलिंपिक पात्रता सामन्यात त्यामुळेच खेळता आलं नाही. जॉर्डनचे प्रिन्स अली यांनी पाठपुरावा केल्यावर २०१२ मध्ये प्रायोगिक आणि २०१४ च्या मार्चमध्ये कायमची परवानगी मिळाली. आजचा नियम असा: डोक्याचं आवरण काळं असावं किंवा जर्सीच्या मुख्य रंगाचं, एकाच संघातल्या सगळ्यांचं एकाच रंगाचं, जर्सीला न जोडलेलं, गळ्याशी उघडझाप करणारं काही नसलेलं, आणि कुठलाही भाग बाहेर लोंबत नसलेलं. वर शिवणकामाबद्दल जे सांगितलं ते सगळं यात बसतं. मागचा भाग जर्सीत खोचायचा, जर्सीला शिवायचा नाही. काही कारागीर सोय म्हणून दोन्ही जोडून देतात, ते नियमात बसत नाही. २०२३ च्या महिला विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेनझिना दक्षिण कोरियाविरुद्ध हिजाब घालून उतरली, तो ज्येष्ठ महिला विश्वचषकातला पहिलाच प्रसंग. सोळा वर्षांत नियम एवढा बदलला. त्यामागे इंग्लंडच्या रिमला अख्तरसारख्या बायका होत्या, ज्यांनी मुस्लिम महिलांच्या क्रीडा संस्थेचं काम करत इंग्लिश फुटबॉल असोसिएशनच्या कौन्सिलमध्ये जागा मिळवली. त्या जागेवर पोचलेली ती पहिली मुस्लिम महिला.

बास्केटबॉलचा बदल खेळाडूंनी स्वतः लढून आणला. बिल्किस अब्दुल-कादिरनं मॅसेच्युसेट्समध्ये शालेय स्पर्धांत तीन हजारांहून जास्त गुण केले, हिजाब घालून अमेरिकेच्या कॉलेज स्पर्धांच्या सर्वोच्च विभागात खेळली, आणि व्यावसायिक खेळायची वेळ आली तेव्हा फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमानं अडवली गेली. तिच्याबरोबर ब्रिटनची सुदानी वंशाची कवयित्री-खेळाडू आस्मा एल्बदावी हिनं सह्यांची मोहीम चालवली, लाखाहून जास्त सह्या जमल्या. १ ऑक्टोबर २०१७ पासून नियम बदलला. तिथे काळा, पांढरा किंवा जर्सीचा मुख्य रंग चालतो, चेहऱ्याचा कुठलाही भाग झाकलेला चालत नाही. बिल्किसची स्वतःची उमेदीची वर्षं मात्र तोवर निघून गेली होती, ही गोष्ट आम्हाला फार लागते.

रंगाचा धडा सोपा आहे. काळा शिवा. तो दोन्ही खेळांत चालतो, आणि जर्सीचा रंग दरवर्षी बदलला तरी हिजाब बदलावा लागत नाही.

कबड्डीच्या प्रशिक्षकांनी, 'डोकं झाकून पकडी कशा होणार?' असं म्हणण्याआधी २०१८ च्या जकार्ता एशियाडचा अंतिम सामना आठवावा. इराणच्या मुलींनी डोकं आणि हात पूर्ण झाकून भारताला २७-२४ असं हरवलं आणि सुवर्ण नेलं. त्यांच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. इराणमध्ये डोकं झाकणं कायद्यानं सक्तीचं आहे आणि सक्तीचं समर्थन इथे कुणी करत नाही. पण त्या पोशाखात सर्वोच्च दर्जाची कबड्डी होते का, याचं उत्तर एका मराठी बाईनं तयार केलेल्या संघानं देऊन ठेवलं आहे. जिल्हा-तालुका स्पर्धेत मात्र परवानगी आयोजकांकडून आधी लेखी घ्यावी. शाळेच्या पत्रावर तीन ओळी पुरतात: खेळाडूचं नाव, आवरणाचं वर्णन, त्यात धातू-पिन-गाठ नसल्याचा उल्लेख. सोबत हिजाबचा फोटो जोडा.

कुठल्या खेळाला काय बदलायचं

कबड्डीत बाहीचा इनर, म्हणजे जर्सीच्या आत घालायचा पूर्ण बाहीचा कपडा, हिजाबइतकाच महत्त्वाचा. ढगळ पूर्ण बाही म्हणजे पकडणारीला दिलेलं हँडल. अंगाला चिकटणारा फोर वे इनर, मनगटाशी अंगठ्याचं भोक नको, बोट अडकतं.

सांगलीत वेटलिफ्टिंग जोरात आहे. संकेत सरगरनं २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्य आणलं, त्याची बहीण काजोलही याच खेळात पुढे आली. झाकून वजन उचलण्याचा प्रश्न २०११ मध्ये कुलसूम अब्दुल्ला या पाकिस्तानी वंशाच्या अमेरिकन इंजिनिअरनं सोडवून घेतला. पंचांचा आक्षेप रास्त होता: कोपर पूर्ण सरळ झालं की नाही हे बाहीखाली कसं दिसणार? तोडगा निघाला तो अंगाला घट्ट बसणाऱ्या एकसंध पोशाखाचा, ज्यात कोपराचा आकार स्पष्ट दिसतो. त्याच वर्षी ती पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत पाकिस्तानकडून उतरली. तेव्हा इनर घेताना कोपराशी चुणी पडत नाही ना, हे बघा. हिजाबात दोन बदल करा. गळ्यासमोरचा भाग आखूड आणि सपाट ठेवा, कारण क्लीनमध्ये, म्हणजे वजन जमिनीवरून खांद्यापर्यंत उचलताना, बार गळ्याच्या हाडांवर येऊन टेकतो आणि खाली गोळा झालेलं कापड त्याला सरकवतं. आणि मागचा लांब भाग खांद्यावर पसरू देऊ नका. लायक्रा गुळगुळीत, स्क्वॉटला, म्हणजे बार खांद्यावर घेऊन बसून उठताना, बार त्यावरून घसरतो. तो भाग मणक्यालगत अरुंद कापून खाली खोचायचा.

साताऱ्यात मुली धनुर्विद्येकडे वळतात, आणि वळणारच. अदिती स्वामीनं २०२३ मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी जागतिक विजेतेपद मिळवलं ते कंपाउंड, म्हणजे कप्प्या लावलेल्या धनुष्याच्या, प्रकारात. या खेळात हिजाबचं कापड थेट नेमबाजीत येतं. दोरी ओढून हात जबड्याशी रोज एकाच जागी टेकवायचा असतो. तिथे आज एक पदर, उद्या दोन, परवा चुणी, असं झालं तर ती जागा बदलते आणि बाण वर-खाली जातो. त्यामुळे सरावाला आणि स्पर्धेला एकाच कापडाचे, एकाच मापाचे हिजाब वापरा, जबड्याच्या रेषेवर शिवण येऊ देऊ नका. छातीवरचं कापड चेस्ट गार्डखाली दाबून ठेवा. सुटं राहिलं तर दोरी त्यात अडकते.

क्रिकेटला तीन तुकड्यांचा नमुना, वर सांगितल्याप्रमाणे. अंबाडा मानेशी खाली बांधा, वर बांधला तर हेल्मेट पुढे झुकतं. हेल्मेट हिजाब घालूनच निवडा, आधी घेऊन मग कोंबू नका. स्कॉटलंडची लेगस्पिनर अबताहा मक्सूद हिजाबमध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळते. स्मृती मंधानाच्या गावातल्या, म्हणजे सांगलीतल्या, मुलींना हे नाव माहीत असायला हवं.

पोहण्यासाठी हा हिजाब वापरू नका. पाणी भरतं. त्याचं कापड आणि बेत वेगळा.

ऊन, घाम, धुणं

सांगलीचा एप्रिल-मे चाळिशीला टेकतो आणि उन्हाळी शिबिरं नेमकी तेव्हाच असतात. एकपदरी लायक्रा ओला केला तर तो गारवा देतो, कारण पाणी झटपट उडतं. मध्यंतरात डोक्यावरूनच पाणी ओता. सुती हिजाबावर हाच प्रयोग केला तर तो ओलं फडकं होऊन बसतो. मुलीला चक्कर, मळमळ, अंगावर काटा येणं यातलं काहीही झालं तर आधी सावली, मग हिजाब काढणं, पाणी आणि मीठ-साखर. बाजूला मुली आणि बाई प्रशिक्षक उभ्या करून आडोसा करा. प्रकृतीपुढे उशीर नको.

ओल्या केसांवर घालू नका, टाळूला बुरशी धरते आणि कोंडा होतो. केसांना धातूची क्लिप नको, कापडी रबर बँड घ्या. खेळ संपला की तासाभरात साध्या पाण्यात बुचकळा. घाम तसाच वाळला तर काळ्यावर पांढरे डाग उठतात आणि मिठानं लायक्राचा ताण मरतो. कोमट पाणी, थोडी पावडर, पिळायचं नाही, सावलीत. धुताना कम्फर्टसारखं काही घालू नका, त्याचा थर बसतो आणि कापड घाम बाहेर टाकेनासं होतं. इस्त्री नकोच. रोज सराव असेल तर तीन लागतात, दोनात भागवलं तर पावसाळ्यात ओला घालायची वेळ येते. चेहऱ्याची कड ताणून सोडल्यावर जागेवर परत येत नसेल, तर तो सरावापुरता ठेवा आणि स्पर्धेसाठी नवा शिवा.

स्पर्धेच्या दिवशी पिशवीत एक जास्तीचा काळा हिजाब आणि एक अंडरकॅप असावी. नाणेफेकीच्या आधी पंचाला हिजाब हातात देऊन दाखवा, घातलेला दाखवू नका. हातात घेऊन ताणला की त्यात काही टोचणारं नाही हे त्याला दोन सेकंदांत कळतं. आणि मैदानावर पोचल्या पोचल्या आतून कडी लागणारी खोली कुठे आहे ते बघून ठेवा. नसेल तर आयोजकांकडून दोन चादरी आणि दोरी मागून घ्या, कारण मध्यंतर लहान असतं आणि ओला हिजाब बदलायला आडोसा तेव्हाच लागतो.